आयर्नचा ड्रॉ हाताबाहेर गेलाय, सेव्हन आयर्न माडांत जातो. उपाय सांगा

फोंडेकर_५२ (७ जून)

नमस्कार मंडळी. खेळांच्या विभागात क्रिकेट, बुद्धिबळ आणि आपला फुटबॉल सोडून फारसं काही दिसत नाही, तरी धाडस करतोय.

मी उजव्या हाताने गोल्फ खेळतो. सहा वर्षं झाली, हँडिकॅप २२. उंची ५ फूट ५ इंच. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा आतेभावाने दुबईहून परतताना त्याचा जुना आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या, नंबर दिलेल्या गोल्फ क्लबांचा) सेट मला देऊन टाकला, तेव्हापासूनचा हा नाद.

सुरुवातीला चारचौघांसारखा माझाही चेंडू उजवीकडेच जायचा. दोन वर्षांपूर्वी हलका ड्रॉ लागायला लागला. थोडा उजवीकडे निघायचा, हवेत डावीकडे वळायचा आणि झेंड्याच्या आसपास पडायचा. बायकोला स्वयंपाकघरात हातवारे करून दाखवायचो, इतका आनंद. आता तोच ड्रॉ अंगावर आलाय. सेव्हन आयर्न साधारण १४० यार्ड जातो. दहापैकी चार बरे, तीन-चार सरळ डावीकडच्या माडांत, आणि उरलेले उजवीकडे निघतात ते परत येतच नाहीत. दोन्हीकडे भीती, त्यामुळे निशाणा कुठे धरायचा तेच कळत नाही.

आतापर्यंत केलेलं: (१) डावीकडे जातोय म्हणून निशाणा उजवीकडे सरकवला. (२) चेंडू थोडा मागे, उजव्या पायाकडे घेतला. (३) ग्रिप घट्ट धरली. एका प्रशिक्षकांनी "मनगटं गप्प ठेवा" सांगितलं, दुसऱ्यांनी "तुम्ही वरून येताय" सांगितलं. दोघांचे पैसे दिले. ड्रॉ आहे तिथेच.

रिकामटेकडा

डावीकडे झुकणारे बरेच पाहिलेत काका. वय झालं की आपोआप उजवीकडे सरकतात. थोडं थांबा. (ह. घ्या.)

जांभा

ग्रिप बघा आधी. डावा हात दांड्यावर फार उजवीकडे फिरला असेल, वरून बघताना तीन-चार नकल (बोटांच्या मुळाशी असलेले सांधे) दिसत असतील, तर क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा भाग) बंद होणारच, म्हणजे डावीकडे वळणारच. अमेरिकन गोल्फर बेन होगनला उमेदीच्या काळात हुकने, म्हणजे अति वळणाऱ्या ड्रॉने, छळलं होतं. त्याने डाव्या हाताची ग्रिप सैल बाजूला, म्हणजे डावीकडे फिरवली आणि आयुष्यभर फेड (ड्रॉच्या उलट, उजवीकडे हलका वळणारा शॉट) खेळला. नऊ मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकला. दोन नकल दिसतील एवढंच ठेवा, विषय संपला.

मांडवीकाठ

जांभाभाऊ, विषय एवढ्यात संपत नाही. दुसरा अमेरिकन गोल्फर ली ट्रेव्हिनो, त्याची डाव्या हाताची ग्रिप चांगली मजबूत बाजूला, म्हणजे उजवीकडे फिरलेली होती, तरी तो फेडच मारायचा, आणि त्याच्याही नावावर सहा मेजर आहेत. ग्रिप हे एक कारण असू शकतं, पण ते न बघता औषध देऊ नका.

फोंडेकरकाका, आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

चेंडू *निघतो* कुठे आणि *वळतो* किती, हे वेगळं वेगळं सांगा. "डावीकडे जातो" यातून काही कळत नाही. दुसरं, सगळे आयर्न सारखेच वागतात की लांबचे (कमी नंबरचे) वेगळे आणि आखूड (जास्त नंबरचे) वेगळे? तिसरं, गवतावर डिव्हट (क्लबने उखडलेला खळगा) कसा पडतो? हीलकडे, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या दांड्याजवळच्या बाजूला खोल, की टोच्या, म्हणजे दांड्यापासून लांबच्या बाजूला खोल?

हे का विचारतोय ते सांगतो. वर्षानुवर्षं असं शिकवलं गेलं की चेंडू क्लबच्या पाथवर (क्लब ज्या दिशेने फिरतो त्या रेषेवर) निघतो आणि फेसकडे वळतो. हे उलटं आहे. रडारवर चालणारे लाँच मॉनिटर (क्लब आणि चेंडूची हालचाल मोजणारी यंत्रं) आले आणि मोजमापात दिसलं की आयर्नचा चेंडू निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे, ढोबळमानाने तीन चतुर्थांश फेस आणि एक चतुर्थांश पाथ. ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायच्या क्लबला) फेसचा वाटा आणखी जास्त. आणि वळतो तो फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे.

हिशेब करून बघा. समजा तुमचा पाथ झेंड्याच्या ६ अंश उजवीकडे आणि फेस २ अंश उजवीकडे. चेंडू निघणार साधारण ३ अंश उजवीकडे, १४० यार्डांवर ते सात-साडेसात यार्ड. पण फेस पाथच्या मानाने ४ अंश बंद आहे, म्हणून तो तिथून डावीकडे वळणार. फेस झेंड्याकडे बघत असताना लागला तर हाच शॉट झेंडा ओलांडून माडांत. फेस पाथएवढाच उघडा राहिला तर वळणारच नाही, उजवीकडे निघून जाणार. तुमचे दोन्ही बाजूंचे शॉट एकाच स्विंगमधून येतात ते असे.

पेडण्याचा_वारा

उन्हाळ्यात नळाला पाणी नाही आणि इथे १४० यार्डांची चर्चा. आमच्या तालुक्यात तेरेखोलला गोल्फ कोर्सच्या प्रकल्पावरून कुळांना किती भांडावं लागलं, ते कुणाच्या लक्षात आहे का? माडांत चेंडू जातो म्हणून रडताय. माड कुणाचे होते ते विचारा.

मांडवीकाठ

मुद्दा खरा आहे आणि खोटा पाडायची माझी इच्छाही नाही. वेगळा धागा काढा, मी तिथे येतो. तेरेखोलला मी स्वतः जाऊन लोकांशी बोललोय. इथे काकांना सेव्हन आयर्न मारू द्या.

फोंडेकर_५२ (१५ जून)

पेडणेकरसाहेब, तुमचं बोलणं लागलं, पण बरोबर आहे. धागा काढाच.

मांडवीकाठ, शनिवारी पाऊस दोन तास थांबला होता तेवढ्यात वही घेऊन गेलो. चाळीस चेंडू मारले. एक गोष्ट सहा वर्षांत लक्षातच आली नव्हती. पाच, सहा, सात नंबरचे आयर्न: चेंडू उजवीकडे निघतो आणि मग डावीकडे वळतो, कधी थोडा, कधी भयंकर. नऊ नंबर आणि पिचिंग वेज (जवळच्या शॉटचा, जास्त कललेल्या फेसचा क्लब): चेंडू *निघतोच* डावीकडे आणि जवळजवळ सरळ डावीकडे जातो. डिव्हट हीलकडे खोल, टोच्या बाजूला गवताला धक्कासुद्धा नाही.

दुपारी शॉट जास्त वाईट होतात असंही वाटलं, पण ते बहुधा माझ्या कंबरेमुळे.

जांभा

कंबर नाही हो, वारा. समुद्राजवळच्या कोर्सवर अकरा-साडेअकरानंतर पश्चिमेचा वारा सुटतो. दक्षिणेकडे तोंड करून खेळलात तर तो उजवीकडून येतो आणि तुमचा ड्रॉ आणखी ढकलतो. उत्तरेकडे तोंड असेल तर डावीकडून येऊन ड्रॉ धरून ठेवतो. उत्तरेच्या होलवर "आज जमतंय" आणि दक्षिणेच्या होलवर "आज बिघडलंय", असं करत मी एक अख्खा मोसम घालवला. तपासणी सकाळी सातला करा. कॅव्हेलोसिमला काय किंवा काणकोणात राजबागेला काय, वाऱ्याचं गणित तेच.

(आणि ग्रिपचं मी अजून सोडलेलं नाही.)

वर्कशॉपवाला

हीलकडे खोल डिव्हट वाचला आणि लॉगिन केलं.

काका, तुमच्या आतेभावाची उंची किती?

फोंडेकर_५२

सहा फूट एक इंच. का?

वर्कशॉपवाला

वाटलंच. त्याने सेट घेताना स्वतःच्या मापाने करून घेतला असणार. उंच माणसाला दांडा लांब देतात आणि लाय अँगल जास्त उभा करतात. लाय म्हणजे क्लबचा तळ जमिनीला टेकला असताना दांडा जमिनीशी करतो तो कोन. सेव्हन आयर्नला तो साधारण ६२-६३ अंश असतो. तोच क्लब ५ फूट ५ इंचाच्या माणसाने धरला की हात खाली येतात, हील जमिनीत रुतते आणि टो हवेत उचलला जातो. टो वर गेला की फेस डावीकडे बघतो. स्विंग कितीही सरळ असू दे.

आणि फेस जितका कललेला, म्हणजे लॉफ्ट जितका जास्त, तितका हा डावीकडचा परिणाम मोठा. म्हणून तुमचा वेज डावीकडे *निघतो*. पाच नंबरला लॉफ्ट कमी, तिथे हे कमी जाणवतं.

घरच्या घरी तपासा. चेंडूवर जाड मार्करने एक उभी रेघ ओढा. रेघ क्लबफेसकडे आणि अगदी उभी राहील असा चेंडू ठेवा आणि मारा. रेघेचा ठसा फेसवर उमटतो. ठसा फेसवरच्या आडव्या खाचांशी काटकोनात असेल तर लाय बरोबर. ठशाचं वरचं टोक टोच्या बाजूला झुकलं असेल तर क्लब तुम्हाला जास्त उभा आहे. हीलकडे झुकलं तर जास्त आडवा. दर वेळी ठसा पुसा, नाहीतर पाच ठशांची रांगोळी होईल. एका शॉटवर विश्वास ठेवू नका, दहा तरी मारा.

पायाला मारायचा पावडरचा स्प्रे फेसवर मारला तर चेंडू फेसच्या कुठल्या भागावर लागतोय तेही दिसतं. औषधाच्या दुकानात मिळतो. दुकानदार खाज कुठे येतेय असं विचारेल, तेवढी तयारी ठेवा.

मांडवीकाठ

वर्कशॉपवाल्यांनी अर्धं कोडं सोडवलं. काका, तुम्हाला एक नाही, दोन आजार आहेत आणि तुम्ही दोघांना मिळून "ड्रॉ" म्हणताय. आखूड आयर्नचा आजार क्लबमध्ये आहे. लांब आयर्नचा तुमच्या पाथमध्ये आहे, आणि तो, राग मानू नका, तुम्ही स्वतः पाळलाय.

पहिल्या पोस्टमधले तुमचे तिन्ही उपाय परत वाचा.

निशाणा उजवीकडे सरकवला. पाय, खांदे सगळे उजवीकडे वळले, म्हणजे पाथही उजवीकडे वळला. पण डोक्याला झेंडा कुठे आहे ते माहीत आहे. हात शेवटच्या क्षणी फेस झेंड्याकडे फिरवतात. पाथ आणखी उजवीकडे, फेस झेंड्याकडे, फरक वाढला, वळण वाढलं. मग तुम्ही निशाणा आणखी उजवीकडे नेला असणार.

चेंडू मागे घेतला. क्लब गोलाकार फिरतो. खाली येताना तो बाहेर, म्हणजे उजवीकडेही जात असतो, आणि सर्वांत खालच्या बिंदूनंतर आत वळतो. चेंडू मागे ठेवला की क्लब अजून उजवीकडे जात असतानाच त्याला गाठतो. म्हणजे तुम्ही पाथला आणखी दोन अंश दान केलेत.

ग्रिप घट्ट धरली. याचं फार काही नाही, पण आपल्या दमट हवेत घामाने दांडा निसटेल म्हणून सगळेच आवळतात आणि मग कोपरापर्यंत हात ताठ होतो. ग्रिप साबणाच्या पाण्याने धुवा, जुनी असेल तर बदला, आणि खिशात कोरडा पंचा ठेवा.

"वरून येताय" हे निदान तर उलट्या आजाराचं आहे. वरून येणाऱ्याचा पाथ डावीकडे असतो. कदाचित त्यांनी तुमचा वेज पाहिला असेल.

डावखुरा_डिचोलकर

मी डावखुरा आहे. हे सगळं वाचताना प्रत्येक वाक्यात उजवं-डावं बदलत बसलोय. कुणाला दया येते का?

रिकामटेकडा

आरशासमोर बसून वाचा.

आगशीची_अबोली

मी गोल्फ खेळत नाही, फिजिओथेरपिस्ट आहे. पण काकांच्या "कंबर" या शब्दावर थांबले. माझ्याकडे येणाऱ्या दोन-तीन गोल्फवाल्यांमध्ये हेच पाहिलंय.

काका, खुर्चीवर ताठ बसा, गुडघे जुळवून ठेवा. आता डावं पाऊल बाहेरच्या बाजूला सरकवा, गुडघा जागेवर ठेवून. ही डाव्या खुब्याची आतली फिरकी. उजव्या बाजूशी तुलना करा. डावीकडे स्पष्ट कमी भरली तर चेंडू मारताना तुमचं कंबरडं डाव्या पायावर फिरूच शकत नाही. ते अडतं आणि पुढे, चेंडूच्या दिशेने सरकतं. मग हातांना जागा उरत नाही, ते बाहेर फेकले जातात आणि मनगटं उलटतात. हे तुम्ही "मनगटं गप्प ठेवा" म्हणून थांबवू शकत नाही, कारण मनगटं गुन्हेगार नाहीत, ती निस्तरताहेत.

बँकेत खुर्चीवर घालवलेली वर्षं म्हणजे खुब्यांची वाट लागलेली असणारच. दुखत असेल तर आधी दाखवून घ्या. दुखत नसेल तर पाठीवर झोपून गुडघे वाकवून दोन्ही बाजूंना हळू झुकवणं, रोज पाच मिनिटं. आणि चेंडू मारताना डावं पाऊल थोडं बाहेर उघडून उभे राहा, खुब्याला तेवढी मोकळीक मिळते.

मांडवीकाठ

ताई, हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं. डावं पाऊल उघडणं तर होगननेही सांगितलंय, पण कारण असं कुणी समजावलं नव्हतं.

काका, आता पाथसाठी. पाऊस आहे, म्हणजे तुम्ही घरी जाळीतच मारणार. चालेल. उलट बरं, चेंडू कुठे पडला ते दिसत नाही म्हणून मन भरकटत नाही.

पायांच्या रेषेत एक काठी ठेवा, अलाइनमेंट स्टिक नसली तर वायरिंगची पीव्हीसी पट्टी चालते. तिला झेंड्याच्या रेषेला समांतर, किंचित डावीकडेच ठेवा. तुम्हाला सुरुवातीला वाटेल आपण शेजाऱ्याच्या खिडकीकडे उभे आहोत. इतकी सवय बिघडलीय. चेंडू पुढे आणा, सेव्हन आयर्नला छातीच्या मध्याच्या जरा डावीकडे.

चेंडूच्या पुढे वीतभर आणि बाहेरच्या बाजूला चार बोटं अंतरावर नारळाचं सोडण ठेवा. क्लब फार बाहेर गेला की सोडणाला लागेल. लाकडाचा ठोकळा ठेवू नका, मी मनगट दुखावून बसलोय. अर्ध्या स्विंगने, कंबरेपासून कंबरेपर्यंत, पन्नास चेंडू. सोडण वाचलं म्हणजे पाथ आत आला.

जाळीवर मध्यभागी एक दोरी उभी टांगा. तीन मीटरवर ३ अंश म्हणजे जेमतेम १६ सेंटिमीटर, एक वीतही नाही. चेंडू दोरीच्या उजवीकडे हातभर लागत असेल तर गडबड आहे.

आणि हे जमलं की मुद्दाम फेड मारायचा प्रयत्न करा. जमणार नाही. पण फेड मारायला जाल तेव्हा पहिल्यांदा सरळ जाईल.

जांभा

आणि ग्रिप?

मांडवीकाठ

बघतील हो ग्रिप. काका, किती नकल दिसतात?

फोंडेकर_५२

अडीच.

जांभा

ठीक आहे. मागे घेतो.

फोंडेकर_५२ (११ ऑक्टोबर)

धागा वर आणतोय. चार महिने गप्प होतो, पण नाद सोडला नव्हता.

रेघेची तपासणी केली. वेजवर दहापैकी नऊ ठसे टोच्या बाजूला झुकलेले, आणि थोडेथोडके नाहीत, लांबूनही दिसेल इतके. सेव्हनवरही तेच, जरा कमी. दांडेही मोजले. मित्राच्या साध्या सेटच्या मानाने अर्धा इंच लांब निघाले. आतेभावाला फोन केला तर म्हणाला, "हो, मी मुद्दाम उभे करून घेतले होते, तुला सांगायचं राहिलं." सहा वर्षं राहिलं.

पुण्याला भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा सेट घेऊनच गेलो. बायकोने गाडीत आहेराच्या शेजारी बॅग पाहून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तिथल्या माणसाने आधी विचारलं, घडीव की ओतीव? माझे ओतीव. म्हणाला घडीव असते तर हवे तेवढे वाकवले असते, हे दोन अंशांपलीकडे नेणार नाही, मोडतील. दोन अंश आडवे केले आणि दांडे अर्धा इंच कापले. दांडा कापल्यावर क्लबचं डोकं जरा हलकं वाटतं, त्याची सवय व्हायला दोन आठवडे गेले.

वेज आता डावीकडे निघत नाही. तो प्रश्न चक्क संपला.

पाथ मात्र सरळ यायला तयार नव्हता. जुलैभर सोडणं फोडली. आमच्या गड्याला वाटलं मी नारळ सोलायचं नवं यंत्र शोधतोय. समांतर उभं राहिलो की वाटायचं चेंडू नक्की डावीकडे जाणार, आणि हात आपसूक उजवीकडे ढकलायचे. ऑगस्टमध्ये कधीतरी ते थांबलं. नक्की काय बदललं मला सांगता येणार नाही. अबोलीताईंची खुर्चीची तपासणी केली होती, डावी बाजू उजवीच्या निम्मीसुद्धा भरत नव्हती. व्यायाम रोज चालू आहे, पाऊल उघडून उभा राहतो, आणि मला तरी वाटतं सोडणापेक्षा त्याचाच गुण जास्त आला.

परवा सकाळी सातला चाळीस चेंडू मारले, वही घेऊन. सेव्हनचे सव्वीस ग्रीनवर (झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर) गेले असते. सहा डावीकडे, पण दहा-बारा यार्ड, माडांत नाही. उजवीकडे निघून परत न येणारे दोन. उरलेले सहा नीट लागलेच नाहीत, त्यांचं काय धरायचं. पाच नंबरचं मात्र अजून खरं नाही, तो बॅगेतच ठेवतो आणि हायब्रिड (लांब आयर्नऐवजी वापरायचा सोपा क्लब) काढतो.

वर्कशॉपवाला

पाच नंबर विकून टाका, किंवा आतेभावाला परत करा. दांडे कापल्यानंतर वजन हलकं वाटत असेल तर डोक्याच्या मागे शिशाची चिकटपट्टी लावा, दोन-चार ग्रॅम. आणि रेघेची तपासणी आता परत करा. स्विंग बदलला की ठसाही बदलतो, हात आता पूर्वीपेक्षा खाली येत असतील.

आगशीची_अबोली

निम्मीसुद्धा नाही म्हणजे बरंच कमी होतं काका. तीन महिन्यांनी पुन्हा मोजून लिहा.

डावखुरा_डिचोलकर

अभिनंदन काका! मीही रेघेची तपासणी केली. माझा ठसा टोच्या बाजूला झुकतो. पण मी डावखुरा, म्हणजे माझ्यासाठी हे उलटं धरायचं ना?

वर्कशॉपवाला

नाही. टो म्हणजे टोच. तुमचाही क्लब जास्त उभा आहे. उंची किती?